एकोणीस नंबरचा ग्रह

छापलेली कुठलीही वस्तू हातात आली, की उस्ताद ती आधी उलटी धरायचे. कॅलेंडर असो, साबणाचं खोकं असो, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाचा फोटो. मग नाकाजवळ नेऊन वास घ्यायचे आणि शेवटी खिशातलं भिंग काढून, एक डोळा मिटून त्यावर वाकायचे. आमच्या गल्लीत एकानं मुलीच्या लग्नाची पत्रिका मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात दिली. उस्तादांनी ती उलटी केली, हुंगली, भिंग लावलं आणि म्हणाले, "गणपती एक सूत सरकलाय." मुहूर्त कधीचा, ते विचारलंच नाही. लग्नाला मात्र आले आणि पोटभर जेवले.

"रंगानं बोलावं, बोंबलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानाची पाटी, शेजारणीची साडी, निवडणुकीचा फ्लेक्स, सगळ्यांना तोच न्याय. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला, की ते त्याच्याखाली थांबून दोन्ही कानांवर हात ठेवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचे कान दुखतायत. तुम्ही म्हणाल, माणूस तऱ्हेवाईक होता. होताच हो, मी कुठं नाही म्हणतोय?

उस्ताद म्हणजे गारखेड्यातल्या आमच्या छापखान्याचे जुने मशीनमन. पैठणकडचे, शेतकरी घरातले. शाळा सुटली ती सुटलीच, आणि चाळीस वर्षं छपाईच्या मशीनवर काढली. मी त्याच छापखान्यात कंप्युटरवर पानं लावतो. म्हणून ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ओ कंप्युटर!" अशी आरोळी आली की मी उठायचो. पण आमची खरी गट्टी जमली ती ते निवृत्त झाल्यावर, आणि तीही वादळ्यामुळं.

वादळ्या तुम्हाला आठवत असेल, तर तुमचं वय पन्नाशीला टेकलंय आणि तुम्ही आमच्याच भागात वाढलात. नसेल आठवत, तर सांगतो. आमच्या छापखान्याचे थोरले मालक दर पंधरा दिवसांनी एक चित्रकथेचा अंक काढायचे. गोष्ट आणि चित्रं दोन्ही एका ड्रॉइंगच्या गुरुजींची. वादळ्या दिवसा पैठणच्या एसटीत कंडक्टर. कुणावर संकट आलं, की तिकिटांची पेटी सीटखाली सारायचा आणि खिडकीतून उडायचा. अंगात निळा पोशाख, मागं शेंदरी शेला. तेवढ्या वेळात गाडीत घंटी कोण मारायचं, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. मी पाचवीत होतो आणि वादळ्याच्या नावानं मी मार दिलाय आणि खाल्लाही आहे.

बत्तीस अंक निघाले आणि ते प्रकरण बंद पडलं. तीनेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकांना हुक्की आली. सगळे अंक एकत्र, जाड पुठ्ठ्याची बांधणी, भारी छपाई, आणि ती मूळच्याच छापखान्यात. आमचे धाकटे मालक हरखून गेले. अडचण एकच. छपाईच्या जुन्या फिल्मा वाळवीनं केव्हाच फस्त केल्या होत्या. म्हणून जुन्या वाचकांकडून अंक गोळा करायचे, ते स्कॅन करायचे आणि त्यावरचे डाग, घड्या, चहाची वर्तुळं पुसून रंग ताजे करायचे, असं ठरलं. हे काम माझ्याकडं आलं. ज्याच्यापायी लहानपणी मार खाल्ला, त्याचंच तोंड पुसत मी सहा महिने बसणार होतो. आणि मूळचे रंग कसे होते, ते सांगायला मालकांनी उस्तादांना बोलावून घेतलं.

पहिला नमुना आम्ही आर्ट पेपरवर काढला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, तोंड बघून भांग पाडावा असा कागद. मी जाम खूश. उस्तादांनी ताव उलटा धरला, हुंगला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरातून काही उचलून नेलंय.

"हा वादळ्या हाय का वरातीतला बँडवाला?"

"का? काय झालं?"

"शेला बघा की. बोंबलायलाय नुसता."

मला राग आला. मी म्हणालो, "उस्ताद, जुन्या अंकातलेच रंग तसेच्या तसे घेतलेत. लाल तेवढाच, पिवळा तेवढाच. एक कणही वाढवला नाही."

"तीच तर गडबड केली तुम्ही. आमचा कागद लई पिणारा होता. शाई टाकली की निम्मी त्यो ढोसायचा. किती पितो ते धरून आम्ही वरून जास्तीची टाकायचो. तुमचा हा कागद निर्व्यसनी. थेंब पीत नाय. मग शाई वरच बसून बोंबलंल नाय तर काय करंल?"

पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण मला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच राग जास्त आला. मी मुकाट्यानं रंग उतरवायला बसलो. पण पुण्याचे प्रकाशक कागद बदलायला तयार होईनात. जाड पुस्तक घेणाऱ्याला चकाकी लागते, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस ते स्वतः आले. उस्तादांनी त्यांना ट्यूबलाइटखाली बसवलं आणि नमुना हातात दिला.

"वाचा साहेब."

प्रकाशकांनी पान डावीकडं कलवलं, उजवीकडं कलवलं, मग स्वतःच कलले.

"वादळ्याच्या तोंडावर ट्यूबलाइट दिसतीय का नाय?" उस्ताद म्हणाले. "ह्याला दिसत नाय समोरचं, चोर कसा पकडंल ह्यो?"

मग तेच पान त्यांनी बिनचकाकीच्या, जरा पिवळसर कागदावर काढून ठेवलं होतं, ते घेतलं आणि प्रकाशकांना अंगणात उन्हात नेलं. शेला आता शेंदरी दिसत होता, पण गप बसला होता. प्रकाशकांनी शेल्यावरून बोट फिरवलं. "असाच होता हो," ते म्हणाले, "माझ्याकडं होता हा अंक. आईनं रद्दीत घातला." कागदाचं तिथंच ठरलं.

पुढचं भांडण बांधणीवाल्याशी झालं. एवढं जाड पुस्तक शिवलं, की पानांची आतली कड शिवणीत जाते. नमुन्याच्या प्रतीत वादळ्या ठोसा मारत होता, पण कुणाला मारत होता ते पार दोऱ्याच्या आत गेलं होतं. उस्तादांनी पुस्तक दोन्ही हातांनी फाकवलं, आत डोकावले आणि म्हणाले, "राक्षस आत लपलाय. भ्याला वाटतं." मग मी बत्तीसच्या बत्तीस अंकांची पानं बाहेरच्या बाजूला सरकवली. माझी कंबर त्यात गेली ती गेलीच.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. उस्ताद रोज सकाळी यायचे, माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे आणि विचारायचे, "एकोणीस नंबरला आलात का?"

"अजून सातवा अंक चाललाय, उस्ताद."

"बरं, बरं. चालू द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "एकोणीस आला का?" मला वाटलं, त्यांच्या खास आवडीचा असेल. आणि का नसावा? एकोणिसावा अंक तर सगळ्यांच्याच आवडीचा. त्याच अंकात पहिल्यांदा चक्रग्रह दिसला. संध्याकाळचं केशरी आभाळ, खाली एसटी, वर उडणारा वादळ्या आणि त्याच्या मागं आभाळात एक निळसर-जांभळा गोल. गोलात बारीक बारीक भोवरे. त्या पानावर त्याचा उल्लेख एका शब्दानंही नाही. पण पुढचे तीन अंक त्याच्यावरच होते. तिथला राजा, तिथलं भोवऱ्यात फिरणारं सैन्य, सगळं. माझा आणि माझ्या बाकावरच्या दोस्ताचा त्या भोवऱ्यांवरून अबोला झाला होता. मी म्हणायचो धूर आहे, तो म्हणायचा रस्ते आहेत. मी तर अंकाला पत्रसुद्धा पाठवलं होतं, की चक्रग्रहावर शाळा असते का? पुढच्या अंकात उत्तर छापून आलं, "असते, पण गृहपाठ नसतो." तो अंक मी उशाखाली ठेवून झोपायचो.

तर अखेर एकोणिसावा अंक पडद्यावर आला. मी हाक मारली. उस्ताद लगबगीनं आले, वाकले आणि नेमकं त्या ग्रहावर बोट ठेवलं.

"तेवढा डाग पुसा."

"डाग? उस्ताद, हा चक्रग्रह आहे!"

"कसला ग्रह? माझा अंगठा हाय त्यो."

मी हसलो. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि इकडं तिकडं बघून, हळू आवाजात सगळं सांगितलं. तेव्हाचं मशीन एका वेळी एकच रंग छापायचं. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. पिवळा आणि लाल छापून झाले होते. चार वाजले होते. चार वाजता छापखान्यात मिरचीची भजी यायची, हा तिथला नेम. उस्तादांच्या हातात भजं, आणि थोरले मालक दारातून ओरडले, "पैठणची गाडी निघायलीय, गठ्ठे कुठंयत?" उस्तादांनी भजं तोंडात कोंबलं आणि तशाच हातानं निळ्याची प्लेट उचलून मशीनवर चढवली. प्लेटला तेलाचा हात लागला, की शाई तिथं धरणारच. घाईत ताव नुसता सरळ बघितला. वादळ्या दिसला, एसटी दिसली, झकास वाटलं. अंगठा दिसला तेव्हा सगळा ढीग छापून संपला होता.

"सरळ धरला की चित्र दिसतं," ते म्हणाले, "चूक दिसत नाय. तवापासून उलटा धरतो."

थोरले मालक तर त्यांना त्याच संध्याकाळी घरी पाठवायला निघाले होते. गुरुजींनी वाचवलं. ताव हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असू द्या, ग्रह बरा दिसतोय." आणि पुढचे तीन अंक लिहून काढले. छापखान्यात मात्र पुढं कित्येक वर्षं उस्ताद आत शिरले, की कुणीतरी म्हणायचं, "आला बघा ग्रह." घरी त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे मी पाचवीत असताना एका अंगठ्याला पत्र लिहिलं होतं.

"चाळीस वर्षं छापलं, कंप्युटर," उस्ताद म्हणाले. "एवढी एकच मोठी चूक झाली. आन् तीच तुम्ही जाड पुठ्ठ्यात बांधायले. मी मेलो तरी ऱ्हाईल ती. पुसा ना."

मी समजावून बघितलं. ग्रह पुसला तर पुढचे तीन अंक कुणाशी लढायचं? तर त्यांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. "तुमच्या कंप्युटरात बरा ग्रह नाय का? चांगला गोल, भोवती कडं असलेला?" त्यांचं वय, त्यांचं तोंड बघून मला नाही म्हणवेना. मी एक गुळगुळीत गोल काढला, त्याला कडं घातलं, आणि आभाळात ठेवला. वर बसलेली जिलेबी वाटत होती ती. उस्ताद मात्र निवांत झाले. त्या दिवसापासून "एकोणीस आला का?" बंद झालं. मीच दिवसभर कुढत होतो, अगदी खरं सांगतो. माझं बालपण मी माझ्याच हातानं पुसलं होतं, आणि वर त्याला कडं घातलं होतं.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांनी बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा महिना. उस्तादांना मी स्कूटरवरून घेऊन गेलो. रांगेत सगळी म्हातारी मंडळी, एकमेकांना गुडघ्यांची औषधं सांगत होती. आमची पाळी आली. काउंटरवरची बाई चांगली होती. तिनं छोटं यंत्र पुढं केलं. "अंगठा ठेवा, काका."

उस्तादांनी ठेवला. यंत्रानं लाल दिवा लावला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. डावा झाला, मग एकेक करून दहा बोटं झाली. बाईनं हात धुऊन यायला सांगितलं, ते धुऊन आले. तिनं स्वतःच्या पर्समधलं क्रीम दिलं, तेही लावलं. मागची रांग चुळबुळायला लागली.

"काका, रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या बोटांना."

"होत्या बाई. रॉकेलनं गेल्या." दर रंग बदलताना मशीन आणि हात रॉकेलनं धुवायचे, चाळीस वर्षं. त्यात बोटं पार गुळगुळीत झाली होती.

"मशीन म्हणतंय, जुळत नाही."

"कशाशी जुळत नाय?"

"तुमच्याशीच," बाई म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

"मी समोर उभा हाय की!" उस्ताद म्हणाले. मागचा एक आजोबा म्हणाला, "व्हय, उभे हायेत, मी साक्षीला हाय." सगळे हसले. उस्तादही हसले, पण हात मात्र त्यांनी पाठीमागं घेतले. शेवटी मॅनेजरांनी कागदावर सही-शिक्का दिला आणि काम झालं. जिवंत असल्याचा कागद घडी करून उस्तादांनी खिशात ठेवला, भिंगाशेजारी. त्यावरचा शिक्का त्यांनी उलटा धरून बघितला नाही, तेव्हाच मला कळलं की यांचं काहीतरी बिनसलंय.

परत येताना गारखेड्यात चहाला थांबलो. ते बशीत चहा ओतून तसेच बसून राहिले. चहा थंड झाला. मग एकदम म्हणाले, "ओ कंप्युटर. त्यो जुना ग्रह. पुसून टाकला का हाय कुठं?"

"आहे," मी म्हणालो. "मी पुसलाच नव्हता. बाजूला ठेवलाय."

"मग त्योच ऱ्हाऊ द्या." ते स्वतःच्या अंगठ्याकडं बघत होते. "हातावर तर राहिला नाय. कुठंतरी असू द्या."

मला इतका आनंद झाला आणि इतकं भरून आलं, की दोन्ही एकदम सांभाळता येईनात. मी उठून स्कूटर काढायला गेलो आणि किल्ली टपरीवरच विसरलो.

दुसऱ्या दिवशी जिलेबी गेली, अंगठा परत आभाळात आला. उस्तादांनी पडद्याला भिंग लावलं. "जरा उतरवा. बोंबलायलाय."

"तुमचाच अंगठा आहे, उस्ताद."

"म्हणूनच."

ते पान मशीनवर चढलं, त्या दिवशी ते सकाळपासून शेजारी उभे होते. हात साबणानं दोनदा धुऊन आले होते. चार वाजता भजी आली, त्यांनी हात लावला नाही. पहिला ताव बाहेर आला तो त्यांनी घेतला आणि माझ्या देखत, पहिल्यांदाच, सरळ धरला. बघून झाल्यावर छापलेल्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. आताचा रुंद होता, बाजूनं बाहेर येत होता. "बारीक होतो तवा," ते म्हणाले.

पुस्तकात शेवटी नावांचं पान असतं. लेखक-चित्रकार गुरुजी, मालक, प्रकाशक, मी. उस्तादांचं नाव घालायला मालक मागं लागले होते. त्यांनी साफ नकार दिला. "कशाला? आत हाय की मी." पुस्तक घरी नेल्यावर बायकोला मात्र सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला नवल नाय. घरातल्या भिंतीबी अशाच करून ठेवल्यात ह्यांनी."

पुढच्या नोव्हेंबरात ते बँकेत पुस्तक काखोटीला मारून गेले. यंत्रानं लाल दिवा लावला, तसं त्यांनी एकोणिसावा अंक उघडला आणि काउंटरवर ठेवला. "बाई, हा लावून बघा." ती बाई इतकी हसली, की शेजारच्या काउंटरचे लोक उठून बघायला आले. मग सगळ्या म्हाताऱ्यांनी तो ग्रह पाहिला आणि उस्तादांनी सगळ्यांना कागद किती पितो, ते सांगितलं. त्या दिवशी बँकेचं काम तासभर रखडलं.

यंदा होळीच्या आधी उस्ताद गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी नव्हते. मी गेलो तेव्हा काकूंनी त्यांचं भिंग माझ्या हातात दिलं. ते माझ्या टेबलावर आहे. मला त्यातून काहीच धड दिसत नाही, पण मी लावतो.

गेल्या महिन्यात वादळ्याची दुसरी आवृत्ती छपाईला गेली. मशीनवर आता नवा माणूस आहे, हुशार, कामात चोख. दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"सर, मशीन थांबवलंय. एकोणीस नंबरच्या अंकात आभाळात अंगठा उमटलाय बघा. प्लेटला कुणाचा तरी तेलकट हात लागला वाटतं. पुसून घेऊ का?"

घास माझ्या तोंडातच राहिला. बायको विचारायला लागली, काय झालं, काय झालं. मी तसाच उठून उभा राहिलो आणि फोनमध्ये ओरडलो,

"हात लावू नका! डाग नाय त्यो. आमचे उस्ताद हायेत ते."